भूगोलाच्या शाखा: कोण काय मोजतं?

भूगोलाच्या कुठल्याही प्रास्ताविक पुस्तकात शाखांचा तक्ता असतोच. वर ‘भूगोल’, खाली प्राकृतिक आणि मानवी असे दोन रकाने, आणि प्रत्येक रकान्यात दहा-बारा नावं. एफवायबीएची मुलं तो पाठ करतात, स्पर्धा परीक्षावाले त्यावर वस्तुनिष्ठ प्रश्न सोडवतात. तरीही ‘हवामानशास्त्रात पाऊस, जलविज्ञानातही पाऊस, मग फरक काय?’ असं विचारलं की गाडी अडते.

तक्ता चुकीचा नाही. पण तो विषयांची यादी देतो, आणि विषय तर सगळ्या शाखांचे एकमेकांत घुसलेले असतात. त्यापेक्षा पक्की खूण म्हणजे ती शाखा काय मोजते आणि कोणत्या एककात मोजते. हवामानशास्त्र पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतं. तोच पाऊस जमिनीवरून वाहायला लागला की जलविज्ञान तो सेकंदाला किती घनमीटर असा मोजतं. मृदा भूगोल त्यातलं किती पाणी मातीत मुरलं हे बघतो, आणि आर्थिक भूगोलाला भिवंडीतून निघालेले ट्रक किती तास अडकले याच्याशी कर्तव्य असतं.

हे समजून घ्यायला ठाणे–नवी मुंबईइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. येऊरचा डोंगर, खाडी, पारसिकची रांग, कारखान्यांचा पट्टा, आखून वसवलेलं शहर आणि त्याच्या पोटात जुनी गावठाणं, सगळं दहा-पंधरा किलोमीटरच्या टप्प्यात आहे.

आधी ‘कुठे’

गणितीय भूगोल बहुतेक ठिकाणी घाईघाईत उरकला जातो. वास्तविक बाकी सगळं त्यावर उभं आहे. ७३ अंश पूर्व रेखावृत्त वाशी आणि सानपाड्याच्या मधून जातं. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्वेची. फरक साडेनऊ अंशांचा, दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपल्याकडे सूर्य माथ्यावर यायला सरासरी ३८ मिनिटं उशीर होतो.

हा हिशेब न केल्याने दरवर्षी शून्य सावलीच्या दिवशी, म्हणजे मध्यान्ही सूर्य बरोबर माथ्यावर येतो त्या दिवशी, फजिती होते. ठाण्यात हा दिवस मेच्या मध्यावर, १६ तारखेच्या आसपास येतो, आणि पुन्हा जुलैच्या २७ तारखेच्या सुमारास. घड्याळात बरोबर बारा वाजता काठी रोवली तर सावली असतेच. मे महिन्यात ती १२.३५च्या सुमारास नाहीशी होते, जुलैत १२.४५च्या सुमारास. हा दहा मिनिटांचा फरक पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि आस कललेला आहे म्हणून पडतो. जुलैत अर्थात ढगच इतके असतात की मेवर भिस्त ठेवलेली बरी.

ग्रीक विद्वान इरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात पृथ्वीचा परीघ काढला तो याच युक्तीने. इजिप्तमधल्या सायीनीला सूर्य माथ्यावर, त्याच दिवशी अलेक्झांड्रियात तो ७.२ अंश कललेला, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग. ठाण्याच्या शून्य सावलीच्या दिवशी दिल्लीतल्या कुणाला एक मीटरच्या काठीची सावली मोजायला सांगितली तर ती साधारण साडेसोळा सेंटिमीटर भरते, म्हणजे ९.४ अंश. दोन शहरांमधलं उत्तर-दक्षिण अंतर सुमारे १,०४० किलोमीटर धरून त्रैराशिक मांडलं की उत्तर ४० हजार किलोमीटरच्या जवळ येतं. पथ्यं दोन. दोघांनीही आपापल्या स्थानिक मध्यान्ही मोजायचं, एकाच घड्याळाच्या वेळेला नाही. आणि अंतर रेल्वेचं घ्यायचं नाही, कारण दिल्ली ठाण्याच्या बरीच पूर्वेलाही आहे.

डोंगर, ढग आणि पाणी

भूरूपशास्त्र उंची आणि उतार मोजतं. भूशास्त्राशी त्याची गल्लत फार होते. येऊर काय किंवा पारसिक काय, खडक बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. तो कसा आणि कधी तयार झाला हे भूशास्त्र सांगेल. पण हे थर पनवेलच्या आसपास समुद्राच्या बाजूला का झुकलेत, आणि त्या झुकण्याचा डोंगरांच्या एका अंगाच्या कड्यावर आणि दुसऱ्या अंगाच्या उतरणीवर काय परिणाम झाला, इथून भूरूपशास्त्राची हद्द सुरू होते.

१:५०,००० च्या स्थलनिर्देशक नकाशावर समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटर उंचीच्या फरकाने काढलेल्या असतात. दोन रेषा कागदावर एक मिलिमीटरवर असतील तर जमिनीवर ५० मीटर. ५० मीटरला २० मीटर चढ, म्हणजे ४० टक्के उतार. इथे हमखास होणारी चूक म्हणजे त्याला ४० अंश म्हणणं. ४० टक्के म्हणजे जेमतेम २२ अंश. दरडीच्या अभ्यासात ही चूक झाली तर सगळा डोंगरच धोक्याचा ठरतो, आणि मग खरोखर धोक्याची जागा कुठली ते कळतच नाही.

नवी मुंबईत आणखी एक पंचाईत आहे. जुन्या नकाशातल्या समोच्च रेषा काही ठिकाणी आता खोट्या आहेत. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर सपाट केला, उलवे नदीचा प्रवाह वळवला. पारसिकच्या उतारावर दगडखाणींनी कित्येक वर्षं लचके तोडले. माणूस हाही भूरूपं घडवणारा कारक आहे हे पुस्तकात एका ओळीत असतं. इथे ते नकाशा हातात घेऊन ताडून बघता येतं.

हवामानशास्त्राबद्दल एवढंच पक्कं करायचं की हवामान म्हणजे ३० वर्षांची सरासरी, आणि त्या सरासरीचा आधार म्हणजे नीट लावलेली पर्जन्यमापकं. आपल्याकडच्या प्रमाण पद्धतीत मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर असतं, आणि जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जेवढी उंची, त्याच्या किमान दुप्पट अंतरावर मापक ठेवतात. सोसायटीच्या गच्चीवर टाकीशेजारी ठेवलेलं मापक वाऱ्यामुळे कमी पाऊस दाखवतं. दुसरी गोम तारखेची. २४ तासांचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८.३० असा मोजतात आणि तो दुसऱ्या तारखेला नोंदला जातो. २६ जुलै २००५ चा सांताक्रूझचा ९४४ मिलिमीटर पाऊस २७ च्या सकाळच्या वाचनातला आहे. त्याच २४ तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही झाला नव्हता. ‘मुंबईत किती पाऊस पडला’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नसतं.

आता जलविज्ञान, आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण शाखा एकमेकींत कशा अडकतात ते इथे आकड्यांत दिसतं. वाहून येणाऱ्या पाण्याचा साधा हिशेब असा: अपधाव गुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा वाटा) गुणिले पावसाचा ताशी वेग मिलिमीटरमध्ये, गुणिले क्षेत्र हेक्टरमध्ये, भागिले ३६०. उत्तर सेकंदाला घनमीटर. समजा शंभर हेक्टरचा काँक्रीटचा भाग, गुणांक ०.९, आणि ताशी ५० मिलिमीटर पाऊस. उत्तर साडेबारा घनमीटर. तेवढाच पाऊस येऊरसारख्या झाडीच्या उतारावर पडला आणि गुणांक ०.३ धरला, तर चारच्या आसपास. पाऊस तोच, क्षेत्र तेवढंच, फक्त जमिनीचा वापर बदलला. त्यामुळे हा गुणांक जलविज्ञानाच्या सूत्रात बसलेला असला तरी तो ठरतो नागरी भूगोलात.

यात भरती मिसळा. नवी मुंबईचे बरेच सेक्टर भराव घालून तयार केलेले, उधाणाच्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल. म्हणून हे शहर वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने धारण तलाव केले. तलावाच्या खाडीकडच्या तोंडाला झडपा, भरतीचं पाणी चढलं की त्या बंद होतात, शहराचं पाणी तलावात साठतं आणि ओहोटी लागली की खाडीत जातं. आता वरच्या हिशेबातलं पाणी झडपा बंद असताना दोन तास येत राहिलं, तर ९० हजार घनमीटर होतं. दीड मीटर खोलीचा तलाव धरला तर त्याला सहा हेक्टर जागा लागेल. त्यात अर्धा मीटर गाळ साचला की ३० हजार घनमीटरची जागा गेली, आणि तेवढं पाणी मग रस्त्यावर. झडप गंजून उघडीच राहिली तर उलट खाडीच आत येते. गाळाबरोबर तलावात तिवरं उगवली तर काढणंही सोपं नाही, कारण कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे.

धोका कधी, हे सागरविज्ञान सांगतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती, आणि आपल्या किनाऱ्यावर ती दुपारी बारा-एकच्या आणि मध्यरात्रीच्या सुमारास येते. रोज भरतीची वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिची मजल कमी. म्हणजे ढगफुटीसारखा पाऊस अष्टमीला झाला तर एक गोष्ट, पौर्णिमेच्या दुपारी झाला तर दुसरी. कोळीवाड्यात हे कुणाला शिकवावं लागत नाही.

मृदा भूगोलाला इथे फारसा वाव नाही, सगळं काँक्रीटखाली गेलंय. जैव भूगोलाला मात्र भरपूर आहे. ठाणे खाडीत गोडं पाणी वरून कमीच येतं, राज्य भरती-ओहोटीचं. गाळ साचून चिखलपट्टे उथळ झाले आणि त्यांवर तिवरांनी जम बसवला. रोहित पक्षी येतात ते या चिखलातल्या शेवाळासाठी आणि बारीक जीवांसाठी. २०१५ साली खाडीचा काही भाग अभयारण्य झाला, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेला. पण हिरवं वाढलं म्हणजे चांगलंच झालं असं नाही. तिवरं चिखलपट्ट्यावर पुढे सरकली की पक्ष्यांची चरायची उघडी जागा तेवढी कमी होते. जैव भूगोल हेच विचारतो: कोणती जात, कुठवर, आणि कोणाच्या जागेवर.

माणसं मोजताना

लोकसंख्या भूगोलाची मोजपट्टी दिसायला सगळ्यांत सोपी, दर चौरस किलोमीटरला किती माणसं. फसवतेही तीच. २०११ च्या जनगणनेत ठाणे जिल्हा देशात सर्वाधिक लोकसंख्येचा होता: १,१०,६०,१४८ माणसं, ९,५५८ चौरस किलोमीटर, घनता १,१५७. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. तीच शिरगणती नव्या हद्दींत मांडली तर ठाण्यात ८०.७ लाख माणसं ४,२१४ चौरस किलोमीटरवर, घनता १,९१५. पालघरची ५६०. एकही माणूस घर सोडून गेलेला नाही, नुसती रेघ हलली. आणि हा १,९१५ चा आकडाही तसा कुणाचाच नाही. नौपाड्याचा तो असू शकत नाही आणि मुरबाड-शहापूरचाही नाही.

क्षेत्रघनी नकाशा, म्हणजे प्रत्येक हद्दीला आकड्यानुसार फिकी-गडद छटा देणारा नकाशा, करताना म्हणूनच दोन गोष्टी पाळायच्या. रंग कधीही निव्वळ संख्येला द्यायचा नाही, गुणोत्तराला द्यायचा. नाहीतर मोठा तालुका उगाच गडद दिसतो. आणि उपलब्ध असेल तितकं लहान एकक घ्यायचं, जिल्ह्याऐवजी तालुका, तालुक्याऐवजी प्रभाग. टिंब पद्धतीत, म्हणजे एक टिंब ठरावीक माणसांचं धरून केलेल्या नकाशात, टिंबं हद्दीत सारख्या अंतरावर पसरायची नसतात. येऊरच्या जंगलात किंवा मिठागरांवर टिंब पडलेलं दिसलं की परीक्षक पुढचं बघतच नाही.

वस्ती भूगोलाचा धडा घणसोली किंवा कोपरखैरण्याच्या नकाशात तयार मिळतो. सेक्टरचे काटकोनात आखलेले रस्ते, आणि मध्येच एक गुंता, अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्यांचा. तो गुंता म्हणजे गावठाण, शहराच्या आधीचं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी घेतली गेली. १९८४ च्या आंदोलनानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं धोरण आलं. त्यामुळे आराखड्यात इमारतींचा आकार, रस्त्यांची रुंदी एकाएकी बदलते तिथे भूमिपुत्रांच्या लढ्याचा इतिहास असतो. नुसतं ‘केंद्रित वस्ती’ लिहून अर्धाच गुण मिळायला हवा, असं प्रामाणिक मत आहे.

आर्थिक भूगोल अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाही, रुपयांत आणि तासांत मोजतो. भिवंडीभोवतीची गोदामं मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, स्वस्त जमिनीवर, नाशिक महामार्गालगत उभी राहिली. २०१७ ला जीएसटी आला, जकात गेली. गोदामं हलली का? नाही. हमाल, ट्रान्सपोर्टवाले, रस्ते, सगळं तिथेच जमलेलं. मूळ कारण संपल्यावरही उद्योग जागा सोडत नाही, याला औद्योगिक जडत्व म्हणतात. जागा कायम राहून उपयोग बदलणं हे याचं उलट टोक. त्याचं उदाहरण वागळे इस्टेट आणि कोलशेत-बाळकुमचे जुने कारखाने. तिथे जमिनीचा भावच इतका चढला की यंत्रापेक्षा सदनिका परवडते.

राजकीय भूगोल हद्दी बघतो, ऐतिहासिक भूगोल तीच जागा मागच्या काळात. ठाण्याचा किल्ला खाडीच्या काठी का, आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटरवर इथेच का थांबली, या दोन्हींचं उत्तर साष्टी बेटाची कड इथे आहे आणि पलीकडे जायला पाणी ओलांडावं लागतं, या एकाच गोष्टीत आहे.

हे सगळं विषयवार झालं. एखादा प्रदेश उचलून त्याचं सर्व अंगांनी वर्णन करणं हा प्रादेशिक भूगोल. ही विभागणी भूगोलज्ञ व्हरेनियसने १६५० मध्येच केली होती. वर ठाण्याबद्दल जे चाललंय ते खरं तर अर्धंमुर्धं प्रादेशिकच आहे.

साधनं, आणि त्यांतल्या चुका

नोकऱ्या आज मानचित्रशास्त्र (नकाशे तयार करणं), सुदूर संवेदन (उपग्रहांवरून निरीक्षण) आणि जीआयएसमध्ये (संगणकावरचं नकाशांचं काम) आहेत, आणि बिनचूक दिसणाऱ्या चुकाही तिथेच. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, उपग्रह प्रतिमाही मिळतात. पहिली चूक प्रक्षेपणाची, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची. अक्षांश-रेखांशातला थर तसाच ठेवून क्षेत्रफळ काढलं की उत्तर चौरस अंशांत येऊ शकतं, ज्याला अर्थ नाही. आपल्या अक्षांशावर एक अंश रेखांश सुमारे १०५ किलोमीटरचा, एक अंश अक्षांश जवळपास १११ चा. त्यामुळे आधी थर मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम प्रक्षेपणाच्या ४३ उत्तर पट्ट्यात (सॉफ्टवेअरमधला क्रमांक ईपीएसजी ३२६४३) घ्यायचा, मग मोजायचं. दुसरी चूक जुन्या नकाशाची. जुने स्थलनिर्देशक नकाशे एव्हरेस्ट गोलाभ या पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिमानावर आहेत, मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या प्रतिमानावर. दोन्ही तसेच एकावर एक ठेवले की किनाऱ्यावरची घरं खाडीत जातात.

तिसरी चूक खास आपल्याकडची. खाडीच्या दोन वर्षांच्या प्रतिमा शेजारी ठेवून ‘चिखलपट्टा घटला’ असा निष्कर्ष काढतात, आणि एक प्रतिमा ओहोटीची असते, दुसरी भरतीची. प्रतिमेची नुसती तारीखच नव्हे, घेतल्याची वेळही बघायची आणि भरतीच्या तक्त्याशी जुळवायची. जून ते सप्टेंबर ढगांमुळे साध्या प्रतिमांचा उपयोग नाही, तेव्हा रडारची प्रतिमा घ्यावी लागते. तिवरं आणि येऊरचं जंगल वेगळं ओळखायचं तर मार्च-एप्रिलची प्रतिमा घ्या. तेव्हा डोंगरावरची पानगळ झालेली असते आणि तिवरं हिरवीच असतात. ऑक्टोबरच्या प्रतिमेत दोन्ही सारखीच हिरवी दिसतात आणि संगणकाचं वर्गीकरण घोळ घालतं.

सुरुवात मात्र कागदानेच करा. ठाणे स्टेशन, नौपाडा, वाशी ४७ ए/१६ या पत्रकात येतात. घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या पुढे गेलात की ४७ ए/१५ लागतं, बेलापूर-सानपाडा ४७ ई/४ मध्ये. येऊरपासून खाडी ओलांडून पारसिकपर्यंत पट्टी ठेवा, समोच्च रेषा जिथे कापल्या जातात तिथे कागदाच्या कडेवर खुणा करा आणि छेद, म्हणजे त्या रेषेवरच्या चढउताराची बाजूने दिसणारी आकृती, काढा. उभ्या अक्षाला एक सेंटिमीटरला १०० मीटर घेतलं तर उभी अतिशयोक्ती, म्हणजे आडव्या अंतराच्या मानाने उंची ताणून दाखवणं, पाचपट होते, आणि ती आकृतीखाली लिहायची. न लिहिता दाखवलेला येऊर हिमालयासारखा दिसतो. छेद तयार झाला की त्याच्याखाली एकाखाली एक पट्ट्या आखा: खडक, जमिनीचा वापर, वस्ती, रस्ते-रेल्वे. खाडीच्या दोन्ही काठांवर पट्ट्या अगदी अरुंद होतील आणि नावं मावणार नाहीत, म्हणून आडवं प्रमाण आधीच दुप्पट करून घ्या. तसं केलंत तर अतिशयोक्ती अडीचपट होईल, तो आकडाही बदला.